पेशीतली खजिनदार



बचत गटाची खजिनदार कशी असावी, हे तुम्हाला मी सांगायला नको. पेटीत पैसे भरपूर असतात तेव्हा तिचं काम कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एखाद्या महिन्यात हप्ते थकले, पेटीचा तळ दिसायला लागला, की सगळ्यांच्या आधी तीच जागी होते. आधी नको ते खर्च थांबवते. सहल पुढे ढकला, नव्या खुर्च्या दिवाळीनंतर बघू, असं सांगते. मग येणं कुठे कुठे अडकलंय ते शोधून गोळा करते. तिच्यामुळे गट तरतो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशी एक खजिनदार बसलेली आहे. ती पैशांचा नाही, ताकदीचा हिशेब ठेवते. शास्त्रज्ञ तिला एएमपीके म्हणतात. हे एक विकर आहे. विकर म्हणजे काय, ते शाळेतल्या मुलांच्या पुस्तकात आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं विकर पिठाची साखर करतं. एएमपीके मात्र अन्न पचवत नाही. ती इतर विकरांना ‘तू थांब’, ‘तू कामाला लाग’ असं सांगते.

आपलं हृदय आणि रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी हिच्या हिशेबावर चालतात. ती कशी सापडली, कुणी कुणी शोधली आणि साखरेच्या साध्या गोळीशी तिचा संबंध कसा जुळला, याची गोष्ट आज सांगणार आहे. शेवटी आपल्या कामाचंही थोडं बोलू.

गोदाकाठचा मुलगा आणि ताकदीचं नाणं

हिशेब ठेवायचा तर आधी नाणं हवं. शेतात सोयाबीन कितीही पिकलं, तरी एसटीच्या कंडक्टरला सोयाबीन देऊन तिकीट मिळत नाही. ते विकून पैसे करावे लागतात. पेशीचंही तसंच आहे. भाकरी, डाळ, तेल तिला थेट वापरता येत नाही. अन्नाचं ती आधी एका नाण्यात रूपांतर करते आणि मग ते नाणं खर्चून सगळी कामं करते. त्या नाण्याचं नाव एटीपी.

हे नाणं १९२९ साली दोन ठिकाणी सापडलं. जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव या जोडीला. सुब्बाराव आपल्या देशातले. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या मुलखातल्या भीमावरम गावी १८९५ साली त्यांचा जन्म झाला. १९२३ साली ते अमेरिकेत पोहोचले. पोटासाठी तिथल्या हॉस्पिटलात पडेल ते काम केलं आणि प्रयोगशाळेत स्नायूंमधल्या रसायनांचा शोध घेत राहिले. पुढे एका औषध कंपनीत त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी फॉलिक ॲसिड कारखान्यात बनवायची रीत शोधली. गरोदरपणात आशाताई लोहाची गोळी देते ना, त्या गोळीत लोहाच्या जोडीला असतं तेच हे फॉलिक ॲसिड. सुब्बाराव १९४८ साली वारले. त्यांचं नाव फार घरांत माहीत नाही, पण त्यांच्या कामाचा उपयोग जवळजवळ प्रत्येक घराला झाला आहे.

आता हे नाणं कसं असतं ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. एटीपी म्हणजे तीन मणी ओवलेला दोरा समजा. एक मणी तुटला की ताकद मोकळी होते आणि दोन मण्यांचा दोरा उरतो. पेशी अन्न जाळून तिसरा मणी पुन्हा ओवते. हे चक्र अखंड चालू असतं.

हृदयाचा खर्च किती असेल? बाईचं हृदय जेमतेम अडीचशे ग्रॅमचं. ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं आणि त्यासाठी दिवसभरात सुमारे ६ किलो एटीपी उलाढालीत फिरवतं. गंमत म्हणजे एवढा खर्च असून हृदयाकडे शिल्लक अगदीच थोडी असते. नवीन नाणी तयार होणं थांबलं, तर हातातली काही सेकंदांत संपतील. हातावर पोट असलेल्या घरासारखं हे आहे. आज कमवायचं, आजच खर्चायचं. अशा घराला हिशेब ठेवणारी जागी बाई हवीच.

ती उधारीची वही वाचते

पेशीतली खजिनदार पेटीतले पैसे मोजत बसत नाही. ती दुसरंच काहीतरी बघते.

ताकद फार खर्च झाली की पेशीत दोन मण्यांचे दोरे वाढतात. अडचणीच्या वेळी पेशी एक युक्ती करते. एका दोऱ्याचा मणी काढून दुसऱ्यात ओवते. एक तीन मण्यांचा दोरा तयार होतो, म्हणजे वेळ निभावते. पण मागे एकाच मण्याचा दोरा उरतो. त्या एकमणी दोऱ्याला एएमपी म्हणतात. एरवी पेशीत तो नावालाच असतो. म्हणून तो थोडा जरी वाढला, तरी लगेच कळतो.

किराणा दुकानदाराचं उदाहरण घ्या. गल्ल्यात हजार रुपयांचे साडेनऊशे झाले तर पटकन लक्षात येणार नाही. पण उधारीची वही कोरी होती आणि आज तिच्यात पाच नावं दिसली, तर ती डोळ्यांत भरतात. आपली खजिनदार गल्ल्यापेक्षा उधारीच्या वहीवर नजर ठेवते. एएमपी वाढलं की ती जागी होते. तिच्या नावातलं एएमपी तिथूनच आलं.

जागी झाली की ती दोन कामं करते. चरबी बनवणं, कोलेस्टेरॉल बनवणं, नवी प्रथिनं घडवणं असे मोठे खर्च थांबवते. आणि रक्तातली साखर पेशीत ओढून घेणं, साठलेली चरबी जाळणं, अशी कमाई वाढवते. काही दिवस सतत तिला जागं राहावं लागलं, तर ती पेशीतल्या चुलीही वाढवते. पेशीत अन्न जिथे जळतं त्या बारीक भागांना तंतुकणिका म्हणतात, त्याच या चुली.

दोन टोकं, एकच दोरी

हे सगळं आज सरळ वाटतं. पण शोधणाऱ्यांना ती अशी पूर्ण दिसली नव्हती. आंधळ्यांना हत्ती दिसला, तशीच ती तुकड्यातुकड्यांनी दिसली.

१९७३ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात दोन प्रयोगशाळा उंदरांच्या यकृतावर काम करत होत्या. एका ठिकाणी कार्लसन आणि किम यांना दिसलं, की चरबी बनवणारं विकर कुणीतरी बंद पाडतंय. दुसऱ्या ठिकाणी बेग, ऑलमन आणि गिब्सन यांना दिसलं, की कोलेस्टेरॉल बनवणारं विकर कुणीतरी बंद पाडतंय. एकाच राज्यात, एकाच वर्षी. पण हे दोन ‘कुणीतरी’ म्हणजे एकच आहे, असं कुणाच्या मनात आलं नाही. एक जण चरबीचा अभ्यास करत होता, दुसरा कोलेस्टेरॉलचा. दोघांचे कागद वेगळे, सभा वेगळ्या.

असं व्हायला चौदा वर्षं लागली. १९८७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात ग्रॅहम हार्डी, त्यांचा विद्यार्थी डेव्हिड कार्लिंग आणि व्हिक्टर झमिट यांनी दाखवून दिलं, की चरबीचं दार आणि कोलेस्टेरॉलचं दार बंद करणारा हात एकच आहे. हे डंडी म्हणजे एके काळी तागाच्या गिरण्यांचं शहर. बंगालमधला ताग जहाजांनी तिथे जायचा आणि गोणपाट होऊन जगभर पसरायचा. गिरण्या बंद पडल्या, आणि पुढे त्याच शहरातल्या विद्यापीठात आपली खजिनदार ओळखली गेली. त्यानंतर लवकरच तिला एएमपीके हे नाव मिळालं.

मग प्रश्न आला, की ती जागी कधी होते? १९९६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातले विंडर आणि डंडीचे हार्डी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर पळवलं. पळणाऱ्या उंदरांच्या पायांच्या स्नायूंत एएमपीके काही मिनिटांतच जागी झालेली दिसली. पुढे सायकल चालवणाऱ्या माणसांतही तेच दिसलं. म्हणजे अंग कामाला लागलं, स्नायूंनी ताकद खर्ची घातली, की ती उठते. व्यायामाने चरबी जळते, साखर उतरते, हे लोकांना पूर्वीपासून माहीत होतं. ते कुणाच्या सांगण्यावरून होतं, त्यातला एक मोठा दुवा आता हाती आला.

हृदयावर बिकट वेळ येते तेव्हा

हृदयाला एरवी चरबी जाळायला आवडते. चुलीत जाड लाकूड घालावं तशी चरबी भरपूर ताकद देते. पण तिला जळायला हवा भरपूर लागते, म्हणजे ऑक्सिजन लागतो. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की ऑक्सिजन कमी पडतो आणि चूल धुमसायला लागते. अशा वेळी साखर कामाला येते, कारण थोडी ताकद ती ऑक्सिजनशिवायही देऊ शकते.

हे बदल घडवून आणायला आपली खजिनदार धावते. २००४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एक प्रयोग झाला. काही उंदरांच्या हृदयातली एएमपीके निकामी केलेली होती. त्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ कमी करून पुन्हा सुरू केला. साध्या उंदरांच्या हृदयांनी त्या अडचणीत साखर ओढून घेतली आणि बरीच सावरली. ज्यांच्यात खजिनदार निकामी होती, त्यांना साखर ओढता आली नाही. त्यांच्या हृदयाचं नुकसान जास्त झालं.

पण ही बाजू एकतर्फी नाही. १९९५ साली कॅनडातल्या एडमंटन इथे दिसलं होतं, की रक्त पुन्हा सुरू झाल्यावरही एएमपीके जागीच राहते आणि हृदय अधाशासारखी चरबी जाळू लागतं. सावरणाऱ्या हृदयाला ते जड जातं. दुष्काळात कडक हात धरणारी बाई पाऊस पडल्यावरही तसाच हात धरून बसली, तर घराला जाच होतो, तसं.

रक्तवाहिनीची आतली वाकळ

आता रक्तवाहिन्यांकडे वळू. रक्तवाहिनी म्हणजे निव्वळ नळी, असं बराच काळ समजलं जायचं. पण तिला आतून पेशींचा एक पातळ थर असतो, वाकळीच्या अस्तरासारखा. अमेरिकेतले रॉबर्ट फर्चगॉट सशांच्या रक्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर काम करत होते. एक औषध कधी पट्टी सैल करायचं, कधी नाही. १९८० साली त्यांनी कारण सांगितलं. पट्टी कापताना आतलं अस्तर घासून गेलं असेल, तर ती सैल होतच नाही. म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तरातून येतो. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. या शोधांसाठी फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं.

पुढच्याच वर्षी, १९९९ साली, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न इथे चेन, ब्रूस केम्प आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं, की हा वायू बनवणाऱ्या विकराला एएमपीके कामाला लावते. मग दोन गोष्टी जुळल्या. आपण भरभर चालतो तेव्हा रक्त जोरात वाहतं आणि अस्तराला घासत जातं. त्या घर्षणानेही अस्तरातली एएमपीके जागी होते. वायू सुटतो, वाहिनी सैल होते, रक्ताला वाट मोकळी होते. पाटाला रोज पाणी सोडलं की पाट साफ राहतो. महिनोन् महिने पाणी नसलं की गवत माजतं, भिंत खचते. साखर फार वाढलेली, चरबी साठलेली आणि अंग बसलेलं असलं, की अस्तर हळूहळू बिघडतं. वाहिन्या कडक होतात, बीपी वाढतं, आत कोलेस्टेरॉलचे थर बसतात. हे काम वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ते धोक्याचं आहे.

जनावरांना बाधणारी वनस्पती आणि साखरेची गोळी

आता गोष्टीचा दुसरा धागा. तो प्रयोगशाळेतून नाही, कुरणातून येतो.

युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे. वाटाण्याच्या कुळातली, जांभळट फुलांची. दूध वाढतं या समजुतीने लोक ती वापरायचे, आणि फार तहान लागून फार लघवीला होणाऱ्या माणसालाही द्यायचे. फार तहान आणि फार लघवी हे मधुमेहाचंच लक्षण. १८९१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात चारा म्हणून ती लावली. पण जनावरांना ती बाधली, आणि आज तिकडे तिची गणना उपद्रवी तणात होते. औषधाचा गुण आणि विष एकाच पाल्यात होतं.

तिच्यातल्या द्रव्याच्या जातीचं एक रसायन प्राण्यांची साखर उतरवतं, हे १९१८ साली दिसलं. १९२२ साली आयर्लंडमधल्या डब्लिनला एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी त्याच कुळातलं एक नवं रसायन बनवलं. त्याचं नाव मेटफॉर्मिन. पण त्याच १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरँटोमध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. मरणाच्या दारातली मुलं उठून बसायला लागली. सगळ्या जगाचं लक्ष इन्शुलिनकडे गेलं आणि मेटफॉर्मिन बाटलीतच पडून राहिलं.

तीस-पस्तीस वर्षांनी पॅरिसजवळ डॉक्टर झाँ स्टर्न आणि औषधशास्त्रज्ञ डेनिस दुवाल या बाईंनी ते पुन्हा हाती घेतलं. आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर तपासलं आणि १९५७ साली स्टर्न यांनी ते निष्कर्ष छापले. मात्र याच कुळातलं दुसरं औषध, फेनफॉर्मिन, घातक ठरलं. त्याने रक्तात आम्ल साठून माणसं दगावत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते अनेक देशांत बंद केलं. सावत्र भावाच्या बदनामीचा डाग मेटफॉर्मिनलाही लागला. अमेरिकेने त्याला परवानगी दिली ती थेट १९९४ च्या शेवटी.

मग १९९८ साली ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीचे निकाल आले. ती १९७७ पासून चालू होती. वजन जास्त असलेल्या मधुमेही लोकांचे गट पाडले होते. ३४२ जणांना मेटफॉर्मिन दिलं होतं आणि ४११ जणांना मुख्यतः आहाराचा सल्ला. दहा वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवल्यावर दिसलं, की मेटफॉर्मिनवाल्यांत हृदयविकाराचे झटके ३९ टक्क्यांनी कमी होते. साखरेची गोळी हृदयालाही सांभाळते की काय, असा प्रश्न तिथून उभा राहिला.

२००१ साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की मेटफॉर्मिन एएमपीकेला जागं करतं. कसं? ते पेशीच्या चुलीची आच किंचित मंद करतं. नाणी जरा कमी पडतात, उधारीच्या वहीत नावं चढतात आणि खजिनदार उठते. कुरणातून आलेला धागा आणि डंडीचा धागा इथे एकमेकांना मिळाले.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण २०१० साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी यकृतात एएमपीके नसलेल्या उंदरांना मेटफॉर्मिन दिलं, तरी साखर उतरली. म्हणजे ही गोळी खजिनदाराला हाक मारते हे खरं, पण तिची सगळी कामं एकट्या खजिनदाराकडून होत नाहीत. शास्त्रज्ञ अजून त्यावर वाद घालत आहेत. विज्ञान असंच चालतं. काल जे ठरलं ते आज पुन्हा तपासलं जातं.

जास्त जागणंही वाईट

मग सगळ्यांचीच एएमपीके सतत जागी ठेवावी का? २००१ साली याचंही उत्तर मिळालं. काही घराण्यांत हृदयाच्या भिंती जाड होण्याचा आणि ठोके बेताल होण्याचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत होता. तपास करता असं दिसलं, की त्यांच्या एएमपीकेच्या एका भागात जन्मतःच खोट आहे. तिची झोप-जागेची चावीच बिघडलेली. गरज नसताना ती साखर ओढत राहते आणि ती हृदयात साठत जाते. हृदय जाड होतं, ठोक्यांच्या निरोपाला आडवाटा फुटतात.

म्हणजे खजिनदार झोपली तरी नुकसान आणि सतत ओरडत राहिली तरी नुकसान. तिला गरजेपुरतं जागं करायचं आणि मग विसावा द्यायचा. पन्नास वर्षांच्या शोधांतून मला तरी हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आपल्या घरात याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट. ‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला साखर-बीपी होतं,’ असं पुष्कळ जणी म्हणतात. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा आणि बाळांचा अभ्यास केला आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच बारीक. पण अंगावर मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबीचा वाटा जास्त असू शकतो, आणि पुढे साखरेचा धोका असतो. म्हणून ‘मी काडीसारखी आहे, मला काय होणार’ असं धरून चालू नका. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीने वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासून घ्यावी. उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात ही तपासणी मोफत होते. गटाच्या बैठकीच्या दिवशीच सगळ्या जणी मिळून जा.

दुसरी गोष्ट. दिवसभर वाकून खुरपणं हे कष्ट आहेत. त्याने अंग मोडतं, कंबर धरते. पण छातीचे ठोके वाढतील असं भरभर चालणं वेगळं. ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, त्यांनी आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चालावं. एकदम जमत नसेल तर दहा दहा मिनिटांनी सुरुवात करावी. स्नायूतली आणि रक्तवाहिनीतली खजिनदार त्यानेच जागी होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट उपाशी राहण्याची. पेशीला थोडी चणचण भासली की एएमपीके उठते, हे ऐकून कुणी जेवण सोडू नका. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं, अंगात रक्त कमी असणं, ही खजिनदाराला जाग आणायची रीत नाही. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त धावावं लागतं. पोटभर जेवा, त्यात डाळ-उसळ, पालेभाजी घ्या. साखर, तेल, मीठ बेताचं ठेवा. उपासाला तीन वेळा साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर पेशीला तो उपास वाटतच नाही. आणि साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास करूच नका. काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते आणि चक्कर येते.

चौथी गोष्ट औषधाची. बाजारात ‘साखर मुळापासून घालवणारी’ चूर्णं पुष्कळ मिळतात. गॅलेगाची गोष्ट आठवा. झाडपाल्यात गुण असतो, म्हणूनच त्यात विषही असू शकतं. त्यातलं कामाचं काय आणि किती, हे ठरवायला माणसांना शंभर वर्षं घालवावी लागली. चूर्णाच्या भरवशावर चालू गोळी बंद करू नका. शेजारणीची गोळी शेजारणीलाच राहू द्या. मूत्रपिंड अशक्त असेल तर मेटफॉर्मिन चालत नाही किंवा कमी द्यावं लागतं, म्हणून आधी रक्त तपासतात. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना तसं सांगा.

आणि शेवटची. बाईच्या हृदयाचा झटका सिनेमातल्यासारखा छाती धरून पडणारा असेलच असं नाही. दम लागणं, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, मळमळ, दरदरून घाम, कधी नव्हे असा थकवा, हेही त्याचंच लक्षण असू शकतं. पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. हृदयाच्या पेशींकडे शिल्लक काही सेकंदांचीच असते, हे आपण आज ऐकलं. अडचणीत खजिनदार थोडा वेळ तग धरायला मदत करते. तुंबलेली वाहिनी उघडणं तिच्या हातात नाही, ते दवाखान्यातच होतं. तेव्हा लगेच १०८ ला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी, घरात पाहुणे असले तरी.

आपल्या गटाच्या वहीत दर महिन्याला किती जमा, किती खर्च, हे आपण लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक सभासदाचं नाव आणि शेवटच्या तपासणीचं बीपी, साखर, हिमोग्लोबिन एवढं लिहायला सुरुवात करा. पुढच्या बैठकीत कुणाची जागा कोरी आहे ते दिसेल. तिला घेऊन जायचं काम मग आपल्या सगळ्यांचं.